नांगर आणि वाडी

(द्वितीय वर्ष, कला)

धंदा हा शब्द आमच्या घरात चांगल्या अर्थाने कधी उच्चारला गेला नाही. शेंगांची पोती घेऊन वडील बाजाराला जात आणि काट्यावर काय घडले ते रात्री जेवताना सांगत. त्यामुळे धंदा करणारा घेतो आणि समाजसेवा करणारा देतो, असे माझ्या मनाने लहानपणीच ठरवून टाकले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र वाचले आणि या समजुतीला पहिला तडा गेला.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; पण काही रंग त्यांना ओळखता येत नसत. रंग सुटले, तरी रेखांकन हाती राहिले. त्याच्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा राजीनामा देऊन ते बेळगावी परतले. बंधू रामूअण्णांबरोबर त्यांचे तेथे सायकलींचे दुकान होते.

सायकलींवर त्यांचे पोट भरले असते. पण त्यांचे लक्ष शेतकऱ्याच्या कष्टांकडे गेले. आधी त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि पुढे १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते असा तेव्हा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. हे वाचताना मला हसू आले नाही. ज्याचे वर्ष एका हंगामावर अवलंबून असते, तो नव्या वस्तूला भिणारच. लक्ष्मणरावांनी त्या भीतीची चेष्टा केली नाही. ते वाट पाहत राहिले.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडलजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिले. जमीन कसली, निवडुंगाचे आणि सापांचे रान! तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याबरोबर कामगारांची घरेही उभी राहिली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी रखवालीचे काम दिले. ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते, त्यांच्या हाती त्यांनी वाडीची राखण सोपवली. पुढे १९२० साली याच वाडीतून त्यांचे पुतणे शंकरराव यांनी मासिक सुरू केले आणि १९३० साली स्त्रियांसाठी ‘स्त्री’ काढले.

मला अधिक जवळचा वाटतो तो आणखी एक धागा. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी भाऊराव पाटील गावोगाव हिंडले होते. त्याच भाऊरावांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. नांगर विकता विकता त्यांनी खेड्यांतली किती बिनशाळेची मुले पाहिली असतील! आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून नांगराच्या त्या वाटा मला परक्या वाटत नाहीत.

लक्ष्मणरावांनी नांगर फुकट वाटले नाहीत. किंमत घेतली, नफाही मिळवला. पण त्यांचा नफा शेतकऱ्याच्या नुकसानीतून आलेला नव्हता. नांगर शेतात नीट चालला तरच पुढचा नांगर खपणार होता. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते निवर्तले.

सुट्टीत हे सारे मी वडिलांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की त्या माणसाचा काटा बरोबर होता का? मी म्हटले, आबा, त्यांचा काटा म्हणजे आपले शेतच होते. नांगर फसला असता तर पुढच्या बाजाराच्या दिवशी गावोगाव बोभाटा झाला असता. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, की असा धंदा असेल तर त्याला धंदा म्हणायला हरकत नाही.