थोर शास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र रे

आमच्या घरी जुना थर्मामीटर फुटला. पाऱ्याच्या बारीक बारीक गोळ्या जमिनीवर पळायला लागल्या. पाणी कसे पसरते, तसा पारा पसरतच नाही. वडिलांनी हात लावू दिला नाही, कारण पारा विषारी असतो. शाळेत गुरुजींना सांगितले तेव्हा त्यांनी प्रफुल्लचंद्र रे यांची गोष्ट सांगितली.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी रारुली गावी झाला. ते गाव आता बांगलादेशात आहे. लहानपणी त्यांना आमांशाचा मोठा आजार झाला आणि शाळा सुटली. पण घरी बसून त्यांनी ढीगभर पुस्तके वाचली. मी आजारी पडलो की नुसता झोपतो!

पुढे ते एडिंबरोला शिकले आणि १८८९ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. १८९६ साली त्यांनी पाऱ्यावर पातळ नायट्रिक आम्ल घालून ठेवले होते. त्यावर पिवळे पिवळे खडे जमले. दुसरा कोणी असता तर फेकून देता. त्यांनी ते तपासले, तर मर्क्युरस नायट्राइट निघाले. त्यामुळे त्यांचे नाव परदेशात गेले.

औषधे इथेच व्हावीत म्हणून त्यांनी ७०० रुपयांत बंगाल केमिकल हा कारखाना काढला. त्यासाठी जनावरांची हाडे घराच्या गच्चीवर वाळत घातली होती. नेमका पाऊस आला, हाडे कुजली, वास सुटला आणि शेजारी तक्रार घेऊन आले.

नंतर देशात पुष्कळ रासायनिक कारखाने निघाले. आमच्या जवळ अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरला आहेत. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब गोळीसारखा राहतो, पण साबणाचे पाणी टाकले की पसरतो. आम्ही करून पाहिले. असे पसरल्यामुळे कपड्यातला मळ निघायला मदत होते. साबणाला कॉस्टिक सोडा लागतो. गुरुजी म्हणाले, तो करायला पूर्वी कारखान्यांत पारा वापरत आणि थोडा पारा सांडपाण्यातून जाई. उल्हास नदीच्या खाडीच्या गाळात शास्त्रज्ञांना पारा सापडला आहे. माझ्या आजीला खाडीची निवटी फार आवडतात, म्हणून मला काळजी वाटते.

प्रफुल्लचंद्रांनी लग्न केले नाही. साठ वर्षांचे झाल्यावर ते आपला पगार विद्यापीठालाच देऊन टाकत. सायन्स कॉलेजातल्या एका खोलीत ते राहत. तिथेच १६ जून १९४४ रोजी ते वारले.

– इयत्ता ४ थी