आपल्या राघूने मॉरिशसच्या पोपटाचं घर बळकावलं, आणि जमशेदपूरला जन्मलेला एक गोरा मदतीला धावला

अर्धा पेरू खाऊन उरलेला खाली टाकणारा राघू कुणाला माहिती नाही? लाल चोच, नराच्या गळ्यात गुलाबी पट्टा. हाच राघू मॉरिशसमध्ये घुसखोर ठरलाय.

१९ व्या शतकाच्या शेवटी तो पिंजऱ्यातून तिथं पोहोचला, सुटला आणि पसरला. पण त्या बेटाचा स्वतःचा एक पोपट आहे, इको पॅराकीट. दिसायला राघूचा सख्खा भाऊच. दोघंही घरटं विणत नाहीत, झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. उसासाठी जंगल तुटलं, जुनी झाडं गेली आणि ढोल्या कमी पडल्या. उरलेल्या ढोल्यांवर राघू आणि साळुंक्या बसल्या. (हो, साळुंकीही तिथं बाहेरूनच नेलेली.) वर अंडी खायला उंदीर आणि माकडं होतीच. १९८० च्या दशकात इको पॅराकीट उरले जेमतेम १०-१२.

ते वाचले त्यात जेराल्ड ड्यूरेल या माणसाचा मोठा वाटा आहे.

जन्म ७ जानेवारी १९२५, जमशेदपूर. वडील इंजिनिअर. ते १९२८ मध्ये वारले आणि आई पोरांना घेऊन इंग्लंडला गेली. १९३५ मध्ये कुटुंब ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहायला आलं. तिथं शाळा नावापुरतीच, दिवस जायचा विंचू, कासवं आणि घुबडांमागे. २१ व्या वर्षी वडिलांच्या इस्टेटीतले ३ हजार पौंड हातात आले. या गड्याने ते आफ्रिकेत प्राणी पकडायच्या मोहिमेवर उडवले.

पकडलेले प्राणी झूंना विकता विकता त्याला झूच खटकायला लागले. तिकीट काढून बघायचा तमाशा कशाला, संपत आलेल्या प्राण्यांची तिथं पिल्लं वाढवून त्यांना परत जंगलात सोडता येणार नाही का? तेव्हा अनेकांना हा वेडेपणा वाटायचा. पैशांसाठी त्याने पुस्तकं लिहिली. १९५६ चं 'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स' तुफान खपलं. १९५९ मध्ये त्याने जर्सी बेटावर स्वतःचा झू काढला. चिन्ह ठेवलं डोडो, म्हणजे मॉरिशसचाच कायमचा संपलेला पक्षी.

१९७६ मध्ये ड्यूरेल खुद्द मॉरिशसला गेला. तिथली दुर्मिळ गुलाबी कबुतरं जर्सीत आणून वाढवायचं काम सुरू झालं. पोपटाची लढाई जास्त किचकट होती, कारण प्रश्न जागेचा होता. १९७९ मध्ये वेल्सचा कार्ल जोन्स मॉरिशसला आला. पुढे त्याच्या टीमने ड्यूरेलच्या संस्थेच्या साथीने ढोल्या दुरुस्त केल्या, झाडांवर लाकडी पेट्या लावल्या, जादा खाणं ठेवलं, अशक्त पिल्लं हाताने भरवली.

३० जानेवारी १९९५ ला ड्यूरेल गेला. त्याच्या अस्थी जर्सीच्या झूमध्येच पुरल्यात. माणसांनी वाढवलेले इको पॅराकीट जंगलात सोडायला सुरुवात झाली ती त्यानंतर, १९९७ मध्ये. आज त्यांची संख्या ७०० च्या वर आहे.

राघू मात्र अजून तिथंच आहे. चोच आणि पिसं सडवणारा एक विषाणू मॉरिशसमध्ये या दोन्ही पोपटांत सापडलाय. त्यामुळे ढोलीच्या भांडणात आता आजाराचीही भर पडलीय.