चादरघाटचे रहीम मास्तर

आपल्या जामबागपासून चादरघाट चालत जाण्याइतके जवळ आहे. तेथील हायस्कूलात एके काळी सय्यद अब्दुल रहीम नावाचे शिक्षक होते. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, म्हणून आज मुलांना नाव तरी ठाऊक आहे. जन्म १९०९ चा. कचेगुड्याच्या शाळेतही त्यांनी शिकविले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस व भारत, दोन्ही संघ त्यांच्या हाती आले. पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला.

त्या काळी पुढच्या फळीतला गडी चेंडू पायाशी ठेवून एकेकाला चकवीत जाई. प्रेक्षक खूष होत, पण शेजारी मोकळा उभा असलेला सोबती तसाच राही. रहीम साहेबांनी ही सवय मोडली. एका स्पर्शात चेंडू पुढे द्यायचा, केवळ कच्च्या पायाने खेळायचे, असे सामने ते भरवीत. (आमच्याकडे मुलाला मागे का खेळविले, अशी पालकांची तक्रार येते. त्यांनी पुढचा भाग अवश्य वाचावा.)

१९५३ मध्ये हंगेरीने इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ असे हरविले, ते मधल्या फॉरवर्डला मागे ओढून. त्याच्यावर नेमलेल्या बचावपटूला मोठा पेच पडतो. पाठोपाठ गेला तर मागे खिंडार पडते, थांबला तर तो गडी मोकळा सुटतो. रहीम साहेबांनी ही रचना उचलली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले, आपण ४-२ ने जिंकलो. स्पर्धेत भारत चौथा आला.

१९६२ च्या जकार्ता एशियाडला रहीम साहेबांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० ने जिंकला. थायलंडविरुद्ध बचावाचा खांब जर्नेल सिंग याचे डोके फुटले, सहा टाके पडले. अशा गड्याला बसवून ठेवणेच सोपे होते. त्यांनी मात्र उपांत्य सामन्यात त्याला थेट पुढे, सेंटर फॉरवर्ड म्हणून उभे केले! उंच, दणकट जर्नेलकडे बचावपटूंना लक्ष द्यावेच लागे, त्यामुळे चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि आपल्या सिकंदराबादच्या तुलसीदास बलरामला जागा मिळे. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध आपण ३-२ ने जिंकलो.

४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर. प्रेक्षक भारताच्या विरुद्ध ओरडत होते. पहिला गोल बॅनर्जींचा, दुसरा, टाके पडलेल्या डोक्याची पर्वा न करणाऱ्या जर्नेलचा. भारत २-१ ने जिंकला.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम साहेब गेले. १९७० मध्ये एशियाडचे कांस्य मिळाले. सुवर्ण मात्र पुन्हा आलेले नाही.