धर्मशाळेचे धनी, शाळेचे कैवारी : श्रीसंत गाडगे महाराज

श्रीनृसिंहाच्या वास्तव्याने पावन झालेल्या पोखर्णी क्षेत्री मंदिराच्या जीर्णोद्धाराचे मंगल कार्य होत असता, दगड-चुन्याच्या कामाला लोकशिक्षणाची जोड देणाऱ्या एका सत्पुरुषाचे स्मरण होणे उचितच आहे. ते सत्पुरुष म्हणजे श्रीसंत गाडगे महाराज होत.

महाराजांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका गरीब परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी, आई सखुबाई. डेबूजी लहान असतानाच व्यसनापायी वडील गेले आणि मायलेकरे मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी मामांच्या आश्रयास आली. तेथे डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला. शाळेची पायरी मात्र चढली नाही. पुढे कर्जापायी मामांची कसदार जमीन सावकाराच्या घशात गेली. कागदावर काय लिहिले आहे, हे वाचणारे घरात कोणी नव्हते. अक्षर नसले की जमीनही जाते, हा धडा डेबूजींच्या मनावर कायमचा कोरला गेला.

1905 साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर मातीचे गाडगे, हातात खराटा. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून गावकऱ्यांची मने झाडावीत, हा त्यांचा क्रम. दारू, कर्ज काढून केलेले सणवार, नवसाला पशुहत्या आणि शिवाशीव यांवर ते सडकून बोलत. घरातील भांडे विकावे लागले तरी चालेल, पण मुलाला शाळेत घालावे, असा त्यांचा आग्रह असे.

लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, ज्यांना इतरत्र थारा नव्हता अशा वारकऱ्यांसाठी होती. 1949 साली महाराजांनी ही वास्तू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्यात मुलांचा अभ्यास सुरू झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कार्याला त्यांचा मोठा पाठिंबा होता. 1954 साली कराड येथे निघालेल्या महाविद्यालयाला कर्मवीरांनी महाराजांचेच नाव दिले. स्वतः शाळा न पाहिलेल्या माणसाच्या नावे कॉलेज उभे राहिले!

मराठवाड्याला या कार्याचे मोल अधिक कळते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता. खेड्यांत शाळा विरळ आणि वरचे शिक्षण उर्दूतून. अशा काळात देवळाची ओसरी हीच कित्येक गावांची पहिली शाळा, तीच चावडी आणि तेच कीर्तनाचे ठिकाण होते.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ प्रवासातच महाराजांनी देह ठेवला. मागे स्वतःच्या नावे घर नव्हते; होत्या त्या लोकांच्या धर्मशाळा, वसतिगृहे आणि शाळा.

ग्रामस्थांच्या श्रमाने आणि दात्यांच्या उदार हस्ते नव्याने उभ्या राहणाऱ्या देवळात टाळ-मृदंगाचा गजर तर होईलच. त्याच्या ओसरीवर सायंकाळी गावच्या लेकरांच्या पाढ्यांचाही आवाज घुमला, तर या दानाचे पुण्य दुणावेल. श्रीनृसिंह ती सद्बुद्धी सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.