आंकड्यांची तार व सॅम्युएल मोर्स

क्रांती चौकावरून जाणाऱ्या आमच्या वाचकांस १८५७ सालीं या शहरांतील घोडदळानें केलेल्या उठावाची आठवण करून देण्याचें कारण नाहीं. त्याच सालीं ता. ११ मे रोजीं दिल्लीहून अंबाल्यास गेलेल्या तारेनें पंजाबांतील इंग्रज अधिकारी वेळींच सावध झाले. उत्तरेंत शिपायांनीं तारा तोडल्या खऱ्या, परंतु ती विद्या त्यांच्या हातीं नव्हती. ज्याच्या नांवानें ती चालते त्याचें चरित्र म्हणूनच पाहण्याजोगें आहे.

मोर्स १७९१ सालीं अमेरिकेंत जन्मला, धंद्यानें चित्रकार. १८२५ सालीं तो वॉशिंग्टनास चित्र काढीत असतां घरीं पत्नी वारली. पत्र पोंचून तो परतेपर्यंत तिचें दफनही उरकलें होतें. १८३२ सालीं जहाजावर सहप्रवाशाकडून विद्युच्चुंबकाची माहिती ऐकून त्यास तारायंत्र सुचलें, तेव्हां त्याचें वय ४१ होतें. चाळिशीनंतर शिकणें संपलें असें मानणाऱ्या आमच्या गृहस्थांनीं हें ध्यानांत घ्यावें.

त्याच्या पहिल्या योजनेंत अक्षरें नव्हतींच, केवळ आंकडे होते. शब्दास क्रमांक द्यावयाचा, तारेनें तो पाठवावयाचा व पलीकडच्यानें कोशांत पाहून शब्द काढावयाचा. अक्षरें मागाहून आलीं. त्यांत सहकारी आल्फ्रेड व्हेल याचा वांटा किती, हा वाद अद्याप आहे. ता. २४ मे १८४४ रोजीं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरास तार गेली.

हल्लींचे आंकडे मात्र १८६५ च्या पॅरिस परिषदेनें मान्य केलेले. प्रत्येकास पांच खुणा. एकास एक बिंदु व चार रेघा, दोहोंस दोन बिंदु व तीन रेघा, असें करीत पांचास पांचही बिंदु. पुढें रेघा आधीं येतात: सहास एक रेघ व चार बिंदु, नवास चार रेघा व एक बिंदु, शून्यास पांचही रेघा. रेघेचा काळ बिंदूच्या तिप्पट. लघुगुरु जाणणारास हें एका बैठकींत येईल. कठीण तें ऐकून लिहिणें. तेथें खुणा मोजीत बसल्यास पुढचा आंकडा हुकतो, चालच ओळखावी लागते. एक रेघ बिंदूसारखी ऐकूं आली कीं दोनाचे तीन होतात, आणि रुईच्या भावांत तेवढ्यानें पेढी बुडावी! म्हणूनच आंकडे पुन्हा वाजवून पडताळीत.

मोर्सचा मोठा दोष झांकणें आम्हांस अयोग्य वाटतें. तो गुलामगिरीचा कैवारी होता, आणि परदेशांतून आलेल्या कॅथॉलिकांचा द्वेष्टा. १८३६ सालीं त्याच मतांवर न्यूयॉर्कच्या महापौरपदास उभा राहून तो पडला. दूरच्यांस जवळ आणणाऱ्यानें शेजाऱ्यास माणूस मानूं नये, हें शोचनीय होय.

१८७२ सालीं तो वारला. आमच्या देशांतील सार्वजनिक तार जुलै २०१३ मध्यें बंद झाली. हौशी रेडिओवाले मात्र तेच आंकडे अजून कानानें लिहून घेतात.