श्वानांच्या ऋणातला अभियंता

विल्यम बेनेट कौवेनहोवन यांचा जन्म १३ जानेवारी १८८६ रोजी अमेरिकेतील ब्रुकलिन येथे झाला. शिक्षण विद्युत आणि यंत्र अभियांत्रिकीचे. जर्मनीतील कार्ल्सरूह येथून डॉक्टरेट घेऊन ते १९१४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अध्यापक झाले आणि आयुष्यभर तिथेच रमले. वैद्यकशास्त्राशी त्यांचा काही संबंध यावा, असे या वाटचालीत काहीच नव्हते. तो आला विजेच्या खांबांवरून.

त्या काळात अमेरिकेत विजेचे जाळे झपाट्याने पसरत होते आणि तारा ओढणारे कामगार विजेच्या धक्क्याने मरत होते. वीज कंपन्यांना या मृत्यूंचे कारण आणि उपाय हवा होता. १९२८च्या सुमारास त्यांच्या अर्थसाहाय्यातून संशोधन सुरू झाले. कौवेनहोवन यांच्या जोडीला डोनाल्ड हुकर आणि ऑर्थेलो लँगवर्दी हे वैद्यकातील संशोधक होते. धक्का बसलेल्या माणसाचे हृदय पुष्कळदा एकदम बंद पडत नाही. त्याचे स्नायू ताल सोडून नुसते थरथरत राहतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. ही थरथर विजेच्याच दुसऱ्या, मोठ्या धक्क्याने थांबते, हे १८९९ मध्ये जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत आढळले होते. मात्र त्याकडे फारसे कुणी वळून पाहिले नव्हते. हॉपकिन्सच्या या चमूने १९३३ मध्ये तेच पुन्हा सिद्ध केले. प्रयोगाचे प्राणी पुन्हा कुत्रेच.

त्या प्रयोगशाळेत कुत्र्याचे हृदय मुद्दाम थरथरायला लावले जाई आणि मग ते पूर्ववत करण्याची खटपट होई. काही वाचत, काही जात. यशाच्या कथेत अशा जिवांचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो. पण पुढचा महत्त्वाचा धडा त्यांच्याच शरीराने दिला, हे विसरता येत नाही.

अभियांत्रिकी विद्याशाखेचे अधिष्ठातापद भूषवून कौवेनहोवन १९५४ मध्ये निवृत्त झाले. वय ६८. या वयात बहुतेक प्राध्यापक बागकामाकडे वळतात. हे गृहस्थ त्याच विद्यापीठाच्या शस्त्रक्रिया विभागात दाखल झाले. छाती न उघडता बाहेरून धक्का देणारे यंत्र त्यांना बनवायचे होते. तोपर्यंत थांबलेल्या हृदयावर डॉक्टरांपाशी एकच खात्रीचा उपाय होता : छाती कापून हृदय हाताने दाबायचे. हे रस्त्यावर किंवा खांबाखाली कसे जमणार?

१९५८ मध्ये त्यांचे तरुण सहकारी, विद्युत अभियांत्रिकीचेच विद्यार्थी असलेले गाय निकरबॉकर यांच्या नजरेला एक गोष्ट आली. धक्का देण्याआधी तांब्याची जड पट्टी कुत्र्याच्या छातीवर दाबली, की विजेचा प्रवाह सुरू होण्यापूर्वीच त्याच्या मांडीच्या धमनीतला रक्तदाब किंचित वर चढत होता. म्हणजे नुसत्या दाबानेही रक्त फिरत होते. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह या दोघांनी दाब कुठे, किती आणि कोणत्या गतीने द्यायचा, हे शोधून काढले. जुलै १९६० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. वीस रुग्णांपैकी १४ जण वाचले होते. पीटर सफार आणि जेम्स एलम यांनी तोंडाने श्वास देण्याची रीत नुकतीच नव्याने प्रस्थापित केली होती. दोन्ही एकत्र आल्या आणि सीपीआर जन्माला आले.

(इतिहास मात्र खोडकर आहे. १८७८ मध्ये डोर्पाट येथे रुडॉल्फ बोम यांनी क्लोरोफॉर्मने हृदय थांबलेल्या मांजरांच्या छातीवर असाच दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवले होते. ते मागे पडले.)

हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९६९ मध्ये या वृद्ध अभियंत्याला डॉक्टर ऑफ मेडिसिनची मानद पदवी दिली. १९७३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. १० नोव्हेंबर १९७५ रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्या प्राण्याने ही विद्या दिली, त्याच्यासाठी तिचे पुराव्यावर आधारलेले नियम तयार व्हायला मात्र २०१२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शंभराहून अधिक पशुवैद्यकांनी 'रिकव्हर' या उपक्रमातून कुत्र्यामांजरांसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. २०२४ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. हाका मारूनही प्राणी हलत नसेल आणि श्वास घेत नसेल, तर नाडी शोधण्यात वेळ न दवडता त्याला कुशीवर निजवावे आणि छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मी दबेल इतका दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा द्यावा. दर तीस दाबांनंतर तोंड मिटून धरून नाकातून दोन श्वास द्यावेत. छातीच्या घडणीनुसार हाताची जागा बदलते. मोठ्या, गोल छातीच्या कुत्र्याला सर्वांत रुंद भागावर, ग्रेहाऊंडसारख्या चिंचोळ्या छातीच्या कुत्र्याला थेट हृदयावर, बुलडॉगसारख्याला उताणे निजवून छातीच्या हाडावर. मांजराला एका हाताच्या पकडीतही दाब देता येतो. हे सारे करत असतानाच पशुवैद्याकडे धाव घ्यायची असते.

इतके करूनही हृदय थांबलेल्या कुत्र्यामांजरांपैकी बरे होऊन घरी परतणाऱ्यांचे प्रमाण शेकडा दहाहूनही कमी आहे. सराव करायचा तो शिक्षणासाठी बनवलेल्या पुतळ्यावर. जिवंत, धडधाकट कुत्र्याच्या छातीवर कधीही नाही.