एक्सप्लेनर : रिसर्च पेपरवर पहिलं नाव कोणाचं? कमला सोहोनी यांच्या दोन पेपरची गोष्ट

पिंपळे सौदागर : इंजिनीअरिंगच्या फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टवर चार नावं असतात. काम कोणी केलं ते ग्रुपला माहीत असतं, परीक्षकाला नसतं. संशोधनातही हाच घोळ होतो. 'सायटोक्रोम सी'चा शोध कमला सोहोनी यांनी लावला, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा म्हणूनच तपासायला हवा.

कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूरला झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. संचालक होते सी. व्ही. रामन. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभर प्रोबेशनवर आणि रामन यांचं समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही, या अटीवर. म्हणजे श्रेय दूरच, केलेलं काम मोजलंही जाणार नव्हतं! वर्षाअखेर त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. सायटोक्रोमला हे नाव तिथल्याच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये दिलं होतं. त्यामुळे फॉरवर्डमधला दावा चुकीचा. कमलाबाईंचं काम वेगळं आणि तितकंच मोलाचं : पेशींच्या श्वसनात लागणारं सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एन्झाइम वनस्पतींमध्येही असतं, हे दाखवणं. १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर टिपण आलं. नावं : हिल, भागवत. रॉबिन हिल हे त्यांचे मार्गदर्शक. १९५१ मध्ये 'न्यू फायटोलॉजिस्ट'मध्ये याच विषयावर सविस्तर पेपर आला. तिथे क्रम उलटा : भागवत, हिल.

जीवशास्त्रात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं असतं. १९५१चा क्रम आद्याक्षरांप्रमाणेही बसतो, १९३९चा बसत नाही. त्यामुळे निव्वळ क्रमावरून हिल यांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. अवघ्या चाळीसेक पानांचा पीएचडी प्रबंध मात्र एकट्या कमलाबाईंच्या नावावर आहे.

खरी गंमत आडनावाची. १९४७ मध्ये लग्न होऊन त्या सोहोनी झाल्या, मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. कडधान्यं आणि नीरेवरचं त्यांचं नंतरचं काम याच नावाचं. १९५१चा पेपर मात्र माहेरच्या नावाने. त्यामुळे 'सोहोनी' सर्च केलं, तर केंब्रिजचे दोन्ही पेपर निसटतात. आता संशोधकांना १६ अंकी 'ऑर्किड' क्रमांक घेता येतो. नाव बदललं तरी तो तोच राहतो. ही सोय २०१२ ची. कमलाबाई १९९८ मध्ये गेल्या. २०२३ मध्ये गूगलने त्यांच्यावर डूडल केलं, तेही सोहोनी याच नावाने.